सातव्या खेपेचा नान

"डोळे फुटलेत का? माणूस पाणी मारतंय ते दिसत नाही?"

असं मी ओरडले. खरं म्हणजे ओरडायला हवं होतं त्यानं, कारण बादलीतलं निम्मं पाणी त्याच्या बुटात गेलं होतं. पण माझी रीत पहिल्यापासून अशी — चूक आपली असली की आवाज आधी चढवायचा.

मार्चची सकाळ होती, नीट उजाडलंही नव्हतं. गल्ली झाडून झाली होती, दारापुढे सडा चालला होता. आमच्या नमनगान गावात मुलीची किंमत तिच्या तोंडावरून नंतर करतात, दारापुढच्या रस्त्यावरून आधी. त्यामुळे झोप कितीही प्यारी असली तरी पाचला उठून खराटा हातात घ्यावाच लागतो. ओल्या धुळीचा वास सुटला होता... आणि हा समोर उभा, एक पाय वर धरून, करकोच्यासारखा.

"दिसलं ना," तो म्हणाला. "पण मला वाटलं, आधी झाडांना घालतात, मग माणसांना."

"माणूस बघून घालतात."

"म्हणजे मी बरा दिसलो म्हणायचा."

आगाऊ कुठला! मी खराटा जरा उंच धरला. "काय हवंय?"

त्यानं खिशातून कागद काढला. तोही भिजला होता. त्यावर एकच अक्षर होतं, मोठ्ठं — ग.

"हे काय?"

"हेच माझं दुखणं."

दुखणं असं होतं. मेमध्ये गावात फुलांचा सण भरतो, बागेत प्रत्येक मोहल्ल्याला एकेक वाफा मिळतो. यंदा पाटापलीकडच्या मोहल्ल्यातल्या म्हाताऱ्यांच्या डोक्यात आलं, की प्रत्येक गल्लीनं एक अक्षर घ्यायचं आणि त्याच अक्षराची फुलं लावायची. चिठ्ठ्या टाकल्या. याच्या गल्लीला ग आला. हा तिथला पाण्याचा टँकर चालवायचा. म्हणजे झाडांमधलं याला कळत असणार, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं आणि घोंगडं याच्या गळ्यात घातलं.

"सात प्रकार तरी हवेत," तो म्हणाला. "बाजारात विचारलं तर जो तो म्हणतो, गुलवाल्यांकडे जा. तुम्हीच ना?"

आम्हीच. आई अंगणात प्लास्टिकच्या कागदाखाली रोपं करते. बाबा वर्षातले नऊ महिने रशियात भिंती रंगवतात. आम्हा दोघी बहिणींची नावं गुलचेहरा आणि गुलसनम. आमच्या घरात ग ला तोटा नाही. मी बोटांवर मोजून दाखवलं.

"गुलसफ्सार. गुलखैरी. गुलतोजी — तो कोंबड्याच्या तुऱ्यासारखा असतो ना, तो. ग्लॅडिओलस, गैलार्डिया, गझानिया, आणि खिडकीत लावतात तो गेरान. झाले सात. यात मोठं काही नाही हां. ढेकळात फेकली तरी येणारी फुलं ही. कुणीही लावतं."

"माझ्या हातून मरतात."

"का?"

"टँकरवाला आहे. पाणी जास्त घालतो."

मला हसू आलं. दाबायचा प्रयत्न केला, नाही दाबता आलं. त्याचं नाव सनजर, आणि हसताना त्याचा डावा डोळा पूर्ण मिटतो, हे मला त्याच सकाळी कळलं.

सातही प्रकार त्याच दिवशी देता आले असते. ट्रे भरलेले होते. पण मी म्हणाले, "एकदम नाही मिळायचे. एका खेपेला एक."

"का बरं?"

"मारता ना तुम्ही. आधी एक जगवून दाखवा, मग दुसरं."

तो माझ्याकडे बघत राहिला. मी ट्रेकडे बघत राहिले.

"म्हणजे सात खेपा," तो म्हणाला.

"जड वाटत असेल तर वाफ्यात दगड लावा. दगड मरत नाहीत."

"जड कोण म्हणालं?" बूट उलटा करून पाणी ओतत तो म्हणाला, "मी तर म्हणतो, ग ची फुलं सातच का असतात?"

मग दर बुधवारी तो यायचा. टँकर गल्लीच्या तोंडाशी उभा करायचा आणि आधीच्या फुलाची खबर द्यायचा, दवाखान्यात नातेवाईक ठेवल्यासारखी. "गुलसफ्सारनं पान काढलं." "गुलखैरी रुसलीय." "त्या गैलार्डियातल्या एकानं काल मान टाकली."

"मग? काय केलंत?"

"मीही टाकली. दोघं बसलो तसेच."

आई प्लास्टिकच्या पलीकडच्या टोकाला असायची. ऐकायची सगळं, पण आमच्याकडच्या आयांना योग्य वेळी कमी ऐकू येतं. चौथ्या खेपेला 'अहो'चं 'अरे' झालं. कसं झालं ते नाही सांगता यायचं... पाचव्या खेपेला तो आला तेव्हा आत इतकी वाफ होती की समोरचं प्लास्टिक दुधासारखं पांढरं झालं होतं. त्यानं बोटानं त्यावर ग काढला.

"फुलाचा?" मी विचारलं.

"नाही."

बस, एवढंच. हात मातीनं भरलेले, कानाच्या पाळ्या तापलेल्या, आणि मी वेड्यासारखं एकच रोप तीनदा कुंडीत घातलं आणि तीनदा काढलं. प्रेमात पडणं म्हणजे काय असं कुणी विचारलं तर मी दुसरं काही सांगू शकणार नाही. असलं खुळ्यासारखं काहीतरी असतं ते.

सहाव्या खेपेला तो म्हणाला, "आई येईल. रविवारी."

"कशाला?" मी अगदी भोळा चेहरा केला.

"तुझ्या आईला रोपांचे भाव विचारायला!" तो हसला, मग एकदम गंभीर झाला. "गुलसनम, सातवं फूल कधी देशील?"

"नान मोडेल त्या दिवशी."

इथं मला माझ्या ताईची गोष्ट सांगायला हवी. त्याशिवाय पुढचं वाचून तुम्ही मला नुसती मूर्ख म्हणाल. मूर्ख होतेच, पण नुसती नव्हते.

मुलाकडच्या बायका मागणी घालायला येतात तेव्हा कापडात बांधून दोन नान आणतात. मुलीच्या घरच्यांनी तो नान मोडला की लग्न ठरलं. नाही मोडला तर "मुलगी अजून लहान आहे हो" असं गोड बोलून गाठोडं तसंच परत द्यायचं. याचा अर्थ नाही असा नसतो. याचा अर्थ, पुन्हा या. चांगल्या घरची मुलगी तीन-चार खेपांशिवाय मिळत नाही, उंबरा झिजवावा लागतो. पण गुलचेहराताईच्या वेळी बाबांची रशियाची गाडी दुसऱ्या दिवशी होती. पुन्हा नऊ महिने कोण थांबणार? आईनं पहिल्याच खेपेला नान मोडला.

ती ताई आता सहा वर्षं ऐकते आहे. पाहुणे आले, चहा ठेवला, की तिची सासू सगळ्यांसमोर म्हणते, "ही आमची सून. एका नानात मिळाली." भाजी खारट झाली — "एका नानातली." मुलगी झाली — "एका नानातली." यंदा नवरोजला ताई माहेरी आली होती. सणाच्या खिरीची कढई रात्रभर ढवळताना तिनं मला सांगितलं, "गुल्ले, माझ्यासारखी स्वस्तात जाऊ नकोस बाई. नवरा चांगला असला तरी ते शब्द तो कानातून काढून देत नाही." आई बाजूलाच होती. तिनं मान खाली घातली. मी तेव्हाच मनाशी पक्कं केलं, मी अशी जाणार नाही.

म्हणून त्या बुधवारी मी सनजरला म्हणाले, "सात फुलांना सात खेपा मारतोयस ना? मग तुझ्या आईनंही सात माराव्यात."

"सात?" त्याचा डावा डोळा मिटला. "अगं, खानाच्या मुलीलाही सात खेपा नसतील!"

"मग खानाची मुलगी बघ."

"नको. ती रोपं देत नाही." आणि मग, "बरं. सात तर सात. तुझी किंमत मला आधीच ठाऊक आहे, लोकांना कळू दे."

त्याच्या आईला नाही सांगायचं असं ठरलं. सांगितलं तर गंमत काय राहिली?

सनजरची आई, तुर्सुनोय काकू, पहिल्या रविवारी आल्या, सोबत त्यांची जाऊ होती. काकू म्हणजे बुटकी, गोल, हसरी बाई. तीस वर्षं शाळेच्या खानावळीत तंदूरवर उभी राहून गुडघे गेलेले. बसताना आधी एक हात जमिनीला, मग "या अल्ला," मग बाकीची बाई. नान तिनं स्वतः भाजलेले होते. कडा फुगलेल्या, मध्ये ठशाची नक्षी, वर काळे तीळ. कापड सोडलं आणि अंगणभर वास गेला. मी चहा घेऊन गेले, नजर खाली. तिनं माझ्या हाताकडे पाहिलं, नखांत माती होती.

"कामाचे हात आहेत," ती म्हणाली. "देव राखो."

मला तेव्हाच ती आवडली. खरं सांगते, तेव्हाच.

आई म्हणाली, "मुलगी अजून लहान आहे हो." गाठोडं परत गेलं. दुसऱ्या रविवारीही. तिसऱ्या रविवारी शेजारच्या गच्चीवर बायका मोजत होत्या, हे मला दिसत होतं. आणि खोटं कशाला बोलू, छान वाटत होतं. खराटा मारताना मान ताठ झाली होती. ताईनं फोनवर विचारलं, "कितवी?" मी म्हणाले, "तिसरी." ती रडायलाच लागली आनंदानं. म्हणाली, "माझ्या वाटचंही तूच घे."

चौथ्या रविवारनंतर सनजर आला. वाफ्यातलं काही विचारायला नव्हतं आता. नुसता उभा राहिला.

"आई दमते गं," तो म्हणाला. "भाड्याची दमास गाडी बाजारापर्यंतच येते. पुढं तुमच्या गल्लीपर्यंत पायी. आल्यावर गुडघ्यांना गरम मीठ बांधून झोपते."

"मग तिच्या जावेला पाठव."

"आई म्हणते, माझ्या लेकाची मागणी दुसऱ्याच्या तोंडून नको." त्यानं एका कुंडीतलं सुकलं पान खुडलं. "यावेळी हो म्हण ना. चार झाल्या. चार काही कमी नाहीत."

"तीनच उरल्यात, सनजर. बघता बघता होतील."

"आणि नाही झाल्या तर?"

"एवढ्यात घाबरलास? फुलांच्या वेळी तर म्हणत होतास, सातच का असतात..."

तो हसला नाही. मला ते दिसलं होतं. दिसूनही मी त्याला गालावर बोट ठेवून चिडवलं, आणि तो गेला.

पाचवा रविवार. मे अर्धा सरला होता, ऊन अंगाला चटके देत होतं. तुर्सुनोय काकू एकट्याच आल्या, जाऊ कंटाळली होती. द्राक्षांच्या मांडवाखाली बसल्या तेव्हा त्यांच्या कपाळावरून घामाची धार लागली होती. हसत मात्र होत्या. गाठोडं सोडलं, नान पुढं पसरलेल्या कापडावर, दस्तरखानावर ठेवले.

आई स्वयंपाकघरात आली. तिनं माझा हात धरला. "मोडते मी आता. ऐक माझं. त्या बाईकडं बघवत नाही."

"नको आई! दोनच खेपा राहिल्यात."

"तुझ्या खेपा गेल्या चुलीत. तिचे गुडघे बघ, भोपळ्याएवढे झालेत."

"ताईचं बघितलंस ना काय झालं?"

मला माहीत होतं, हे बोललं की आई गप्प होईल. ती झालीच. पदरानं तोंड पुसलं, बाहेर गेली, आणि मी दाराआडून ऐकलं — "काय करणार ताई, मुलगी अजून लहान आहे."

मग तुर्सुनोय काकू म्हणाल्या, "बरोबर आहे. मुली लवकर मोठ्या होत नाहीत." नान पुन्हा कापडात बांधले. उठताना त्यांना दोनदा खाली बसावं लागलं. मी धावत जाऊन हात द्यायला हवा होता. पण मागणीच्या वेळी बोलावल्याशिवाय मुलीनं बाहेर यायचं नसतं. बरी सापडली ती रीत मला!

सहावा रविवार आला. मी पहाटे चारलाच गल्ली झाडली. दोन पियाले जास्तीचे घासले. आईला सांगितलं, "आज मोडलास तरी चालेल." दुपार झाली, चहा गार झाला, पुन्हा केला, पुन्हा गार झाला. कुणी आलं नाही.

"गुडघे दुखत असतील," आई म्हणाली.

बुधवारीही कुणी आलं नाही. फोन लावला — वाजत राहिला. पुन्हा लावला — बंद. शुक्रवारी फुलांचा सण सुरू झाला. शेजारच्या मुली बघून आल्या आणि सांगत होत्या, पाटापलीकडच्या गल्लीचा ग चा वाफा झकास झालाय, फक्त एका कोपऱ्यात फुलं कमी पडली म्हणून पेटुनिया कोंबलाय. मी हातातलं काम टाकलं. पेटुनिया! माझ्याकडे गेरानच्या चाळीस कुंड्या फुलून उभ्या होत्या आणि त्यानं मागितल्या नाहीत.

मग मी जे केलं ते आमच्याकडे कुणी ऐकलंही नसेल. शनिवारी सकाळी मी स्वतः पीठ मळलं, तंदूर पेटवला, दोन नान भाजले. एक जरा करपला. स्वच्छ कापडात बांधले. आई दारात आडवी उभी राहिली.

"कुठं?"

"पाटापलीकडे."

"मुलगी मागणी घालायला जाते कधी? लोक तोंडात शेण घालतील!"

"घालू देत," मी म्हणाले. "त्या पाचदा आल्या, मी एकदा तरी जाते." आई बाजूला झाली. मला वाटतं तिला बरंच वाटलं.

दमासनं बाजारापर्यंत आणि मग पायी. त्या रस्त्यानं मी पहिल्यांदाच चालत होते. एवढा लांब असेल असं वाटलं नव्हतं. सावली म्हणून नाही कुठं, पाटाकाठची तुतीची झाडं सोडली तर. अर्ध्या वाटेत माझ्याच पोटऱ्या भरून आल्या, आणि मी वीस वर्षांची.

त्यांचं दार उघडंच होतं. आतून बायकांचं हसणं येत होतं. ओट्यावर सात-आठजणी गोल बसून गाद्या शिवत होत्या, कापसाचे ढीग, लाल-हिरवी चकाकणारी कापडं. नव्या गाद्या. कुणाच्याही घरी एवढ्या नव्या गाद्या एकाच कारणासाठी शिवतात. मला ते कळलं, तरी पाय पुढं गेले.

तुर्सुनोय काकूंनी मला पाहिलं. माझ्या हातातलं गाठोडं पाहिलं. त्यांनी मला आतल्या खोलीत नेलं, उशी दिली, चहा ओतला.

"बाळ, तू उशीर केलास," त्या म्हणाल्या.

आणि मग त्यांनी सांगितलं. रागावून नाही हो, अगदी हळू, कुणी आजारी माणसाशी बोलावं तसं. पाचव्या रविवारी परतताना पाटाकाठी त्यांना चक्कर आली. एका दारापुढे त्या खालीच बसल्या. त्या घरातली मुलगी धावत आली, आत नेलं, परातीत गार पाणी घालून पाय त्यात ठेवले, गुडघे चोळले. मोहिरा तिचं नाव. तिची आई चहा करायला गेली. काकूंनी गाठोडं बाजूला ठेवलं होतं. त्या बाईला वाटलं, पाहुणी रिकाम्या हातानं कशी येईल, आमच्यासाठीच आणलंय. पाहुणीनं आणलेला नान पाहुणीपुढे ठेवावा, ही आपली रीत. तिनं कापड सोडलं आणि दोन्ही नान मोडून दस्तरखानावर मांडले.

"मी बघितलं आणि मला रडूच फुटलं," काकू म्हणाल्या. "ती घाबरली बिचारी, म्हणाली, काय चुकलं ताई? मी सांगितलं, हा मागणीचा नान होता. ती मुलगी माझे पाय पुसत होती, तिनं हात थांबवले, पण उठून गेली नाही... पाच रविवार तोच नान घेऊन फिरले मी. कुणी मोडेना. आणि तिथं न सांगता मोडला. आता मोडलेला नान मी परत कसा जोडू? त्या पोरीच्या दारात मोडलाय, तिला टाकून कशी येऊ?"

"पण चुकून मोडला ना!" मी म्हणाले. "चुकून झालेलं थोडंच—"

"नानाला चुकून ठाऊक नसतं, बाळ."

मी माझं गाठोडं पुढे सरकवलं. त्यांनी सोडलं. करपलेला नान हातात घेतला, ओठांना लावला, कपाळाला लावला. मग दोन्ही पुन्हा बांधले, गाठ नीट घट्ट केली आणि माझ्या मांडीवर ठेवले. त्यांचे डोळे भरले होते. माझे कोरडे होते, का ते मला आजही समजत नाही.

मी उठून अंगणात आले, तर सनजर बाहेरच्या दारापाशी उभा होता. टँकर धुवून आला असावा, बाह्या ओल्या होत्या. मी येताना त्यानं मला पाहिलं होतं की नाही, देव जाणे.

"तू नाही म्हणायचंस ना!" मी दातओठ खात म्हणाले. "पुरुष ना तू? बोलता येत नाही?"

"तीन दिवस जेवलो नाही," तो म्हणाला. "चौथ्या दिवशी आईनंही सोडलं जेवण. मग काय करू?"

"मोहिरा... कशी आहे?"

"चांगली आहे." त्यानं खाली बघितलं. "फार चांगली आहे, हाच त्रास आहे."

आम्ही दोघं उभे राहिलो. आत एक बाई काहीतरी चावट बोलली असावी, हसण्याची लाट आली. मला वाटलं, हीच वेळ. पुन्हा येणार नाही. इतक्या बुधवारांत, इतक्या थट्टेत, मी जे एकदाही म्हटलं नव्हतं ते म्हटलं.

"सनजर, मला तू हवा होतास. पहिल्याच खेपेला हवा होतास. मी नुसती... मला वाटलं, तुला ठाऊक आहे."

"मला होतं ठाऊक," तो म्हणाला. "पण आईला कुठं होतं? दर रविवारी परत यायची, गुडघ्यांना मीठ बांधायची आणि मला जवळ बसवून विचारायची — बाळा, मला तरी खरं सांग, तुझ्यात काय खोट आहे? बाहेर लोक काय बोलतात तुझ्याबद्दल? दारू पितोस का? कुणाचं काही केलंस का?" त्यानं ओल्या बाहीनं तोंड पुसलं. "मी तुला शब्द दिला होता ना, सांगायचं नाही म्हणून. मी नाही सांगितलं. पाच रविवार आईला वाटत राहिलं, की तिनं वाईट मुलगा वाढवला."

मी गाठोडं काखेत मारलं.

मी वळले आणि पुन्हा आत गेले. तो मागून "गुलसनम, नको," म्हणाला. मी ओट्यापुढे जाऊन उभी राहिले. सुया थांबल्या. त्यातल्या दोघी आमच्या मोहल्ल्यात लेकी दिलेल्या, मला चांगल्या ओळखणाऱ्या. तुर्सुनोय काकू खोलीच्या दारात होत्या.

"काकू," मी म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "तुमच्या मुलात काही खोट नव्हती. मी त्याला पहिल्या दिवसापासून हो म्हणून बसले होते. माझी आईही नान मोडायला निघाली होती, मीच मोडू दिला नाही. लोकांनी मला भारी म्हणावं म्हणून मी तुम्हाला चालवलं. खोट होती ती माझ्यात."

एकीच्या मांडीवरचा कापूस वाऱ्यानं उडाला तरी तिनं धरला नाही. तुर्सुनोय काकूंनी भिंतीला हात लावला आणि हळूहळू, एक हात जमिनीला टेकत, उंबऱ्यावर बसल्या.

"तो पीत नाही," त्या त्या बायकांकडे बघत म्हणाल्या. "ऐकलंत ना? माझा मुलगा पीत नाही."

मी बाहेर आले. सनजर दारात नव्हता. परतीचा रस्ता तेवढाच होता, आणि मी पोचायच्या आत आमच्या गल्लीत सगळ्यांना सगळं कळलं होतं.